चोर सोडून डायव्हरला फाशी

कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर आठवडाभर स्कूबा डायव्हिंग करून परतलेल्या माणसाला हल्ली मित्रमंडळींत एक टोमणा ठरलेला असतो: प्रवाळ किती मोडून आलात? विचारणारा बहुधा समुद्रात गुडघ्यापलीकडे गेलेला नसतो, पण तेवढ्याने त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. त्यामागे एक सलग युक्तिवाद आहे आणि तो पर्यावरणाच्या चर्चांत इतक्यांदा ऐकू येतो की त्याला उत्तर देणं भाग आहे. प्रवाळ हा सजीव, तोही अत्यंत सावकाश वाढणारा. त्याच्या अंगावरून दरवर्षी हजारो हौशी लोक फिन्स झाडत जातात. त्यांच्यासाठी किनाऱ्यावर हॉटेलं उठतात, त्यांचा पैसा परदेशी मालकांच्या खिशात जातो, आणि एवढं सगळं करायला ते अर्धी पृथ्वी विमानाने ओलांडतात. जे बघायला जायचं तेच मारायचं. तेव्हा असल्या सुट्ट्या बंदच व्हायला हव्यात.

यातलं विमानाचं कलम मला मान्य आहे; त्याकडे नंतर येतो. बाकीचं आरोपपत्र चुकीच्या माणसावर ठेवलेलं आहे. मी स्वतः डायव्हर आहे, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातूनच बोलतोय, हे वाचकाने लक्षात ठेवावं आणि माझा शब्द न् शब्द पारखून घ्यावा.

आरोप तपासायचा तर जिथे तो सर्वांत खरा ठरायला हवा तिथेच तपासावा. ती जागा म्हणजे बोनेअर. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरवरचं, 288 चौरस किलोमीटरचं, निवडुंगांनी भरलेलं रखरखीत डच बेट. साठ वर्षांहून जास्त काळ तिथे डायव्हर येत आहेत. मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘डायव्हर्स पॅरडाइस’ असं छापलेलं असतं. वादळांचा मुख्य पट्टा उत्तरेला राहतो, म्हणून बेटाच्या आडोशाची पश्चिम बाजू बहुतेक वर्षभर शांत असते, आणि प्रवाळाचा खडक किनाऱ्यापासून इतक्या जवळ सुरू होतो की होडी लागतच नाही. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर जागेचं नाव. भाड्याच्या पिकअपमध्ये टाक्या टाकायच्या, दगड दिसला की थांबायचं, चालत पाण्यात शिरायचं. डायव्हिंगच्या एकूण ऐंशीहून अधिक जागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अशा. माणूस आणि प्रवाळ यांच्यात इतकं कमी अंतर असलेलं दुसरं डायव्हिंगचं ठिकाण सहज सापडणार नाही. डायव्हर प्रवाळाचा मारेकरी असता, तर बोनेअरला एव्हाना फक्त चुनखडीचा ढिगारा उरायला हवा होता.

तसं झालं नाही. कॅरिबियनमधल्या त्यातल्या त्यात बऱ्या राहिलेल्या प्रवाळांची यादी निघाली की बोनेअरचं नाव तीत हमखास असतं. हे नशिबाने झालेलं नाही, आणि टीकाकार सगळ्यात कमी वाचतात तो इतिहास नेमका हाच आहे.

1962 मध्ये डॉन स्टुअर्ट नावाचा एक अमेरिकन खलाशी शिडाच्या जहाजातून या बेटावर आला आणि तिथलाच झाला. पुढे जग त्याला कॅप्टन डॉन म्हणून ओळखू लागलं. 2014 मध्ये तो वारला. सुरुवातीला तो स्वतःही पाण्याखाली भाल्याने मासे मारणारा गडी होता. त्या काळी डायव्हिंग म्हणजे बरंचसं तेच: खाली जायचं, काहीतरी मारायचं किंवा तोडायचं, वर आणून फोटो काढायचा. मोठे मासे कमी होताना ज्यांनी पाण्याखाली जाऊन पाहिले त्यांच्यातूनच विरोधाचा आवाज उठला. 1971 मध्ये भाल्याच्या मासेमारीवर बंदी आली. 1975 मध्ये जिवंत वा मेलेलं प्रवाळ उचलायला बंदी. 1979 मध्ये भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंत बेटाभोवतीचं सगळं पाणी सागरी उद्यान झालं. नांगर टाकायला मनाई झाली आणि त्याजागी होड्या बांधायला कायमचे बोया आले. हे बोया बसवण्याच्या कामात कॅप्टन डॉन पुढे होता, आणि तो धंद्याने डायव्हिंग रिसॉर्टचा मालक होता.

आता या कथेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. उद्यान जाहीर झालं ते बाहेरून मिळालेल्या देणगीवर. देणगी संपली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून उद्यान कागदावर उरलं: कायदा होता, नकाशा होता, पण पगार द्यायला आणि गस्त घालायला पैसा नव्हता. पर्यटक मात्र वाढत होते. 1990 च्या सुमाराला उद्यान पुन्हा उभं करायचं ठरलं तेव्हा पैसा आणायचा कुठून हा प्रश्न आला. उत्तर होतं डायव्हर. 1992 पासून प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला दहा डॉलर घेतले जाऊ लागले. फी लावली तर गिऱ्हाईक शेजारच्या बेटावर जाईल, अशी धास्ती डायव्हिंगच्या धंद्यात होती. गिऱ्हाईक गेलं नाही. पैसे उद्यानालाच लागणार असतील तर देऊ, असं बहुसंख्य पाहुण्यांनी सांगितलं आणि दिलेही. काही वर्षांत हे उद्यान मुख्यतः स्वतःच्या फीवर चालू लागलं. पुढे फी वाढत गेली. आज ती चाळीस डॉलर आहे आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला लागते. गस्तीची होडी, रेंजरचा पगार, बोयाचा दोर, सगळ्याला हाच पैसा लागतो.

म्हणून ‘डायव्हर बंद करा’ म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न: मग रेंजरचा पगार कोण देणार? ऐंशीच्या दशकात तो कुणीच देत नव्हतं. तो प्रयोग बोनेअरने करून पाहिलेला आहे.

डायव्हर प्रवाळ मोडतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. मोडतो. बोनेअरवर 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज काढला होता की एका जागी वर्षाला चार ते सहा हजारांहून जास्त बुड्या झाल्या की प्रवाळावर परिणाम दिसू लागतो. त्यानंतर 1999 मध्ये ज्युली हॉकिन्स, कॅलम रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोनेअरच्याच डायव्हिंग चालणाऱ्या जागा आणि डायव्हिंगला बंद ठेवलेले राखीव पट्टे शेजारी ठेवून पाहिले. माशांमध्ये फारसा फरक नव्हता. पण मोठे, जुने, घुमटासारखे प्रवाळ डायव्हिंगच्या जागी अधिक घटले होते. या निष्कर्षाकडे माझ्या जातभाईंनी डोळेझाक करू नये. रिसॉर्टच्या जाहिरातीत तो सापडणार नाही, म्हणून इथे सांगतो.

पण याच शास्त्रज्ञांच्या वर्तुळातून 2004 मध्ये आलेला सेंट लुसिया बेटावरचा अभ्यासही वाचावा. त्यात 353 डायव्हरांच्या मागे पाण्याखाली गुपचूप पाळत ठेवली गेली. जवळजवळ 74 टक्क्यांनी एकदा तरी प्रवाळाला धक्का लावला. बुडीआधीच्या छोट्या भाषणाचा काडीचाही उपयोग झाला नाही. झाला कशाचा? खाली असताना गाइडने चुकणाऱ्याला तिथल्या तिथे हटकण्याचा. तेवढ्याने धक्क्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. मला या आकड्यांत डायव्हरला फाशी देण्याचं कारण दिसत नाही. गाइडला अधिकार देण्याचं, एका गाइडमागे माणसं कमी ठेवण्याचं आणि कॅमेरा घेऊन खडकाला टेकणाऱ्या शौकिनाला वर पाठवण्याचं कारण दिसतं. बोनेअरवर हातमोजे घालायला बंदी आहे, ती यासाठीच: उघड्या हाताने माणूस खडक धरायला कचरतो. आल्यावर पहिली बुडी ओळखीची, कमी खोलीची, आपला तोल पाण्यात सावरता येतो का हे बघण्याची. ती टाळून कुणालाही मनसोक्त फिरता येत नाही. नियम तोडणारे असतात, गाइडशिवाय किनाऱ्यावरून उतरणाऱ्यांवर नजर ठेवणं अवघड असतं, हेही खरं. पण हा रोग औषध माहीत असलेला आहे.

औषध सापडलेलं नाही किंवा घेतलं जात नाही असे रोग वेगळे आहेत, आणि प्रवाळ मेला आहे तो त्यांच्यामुळे. 1983 मध्ये पनामाजवळ काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन मरू लागले आणि वर्षभरात साऱ्या कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून अधिक संपले. खडकावरचं शेवाळ खाऊन साफ ठेवणारा हा प्राणी गेला आणि शेवाळ प्रवाळावर चढलं. त्याच सुमाराला शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळांना पांढऱ्या पट्ट्याचा रोग लागला आणि उथळ पाण्यातली त्यांची जंगलंच्या जंगलं आडवी झाली. डायव्हर होते तिथेही मेली, नव्हते तिथेही मेली. संपूर्ण कॅरिबियनच्या चार दशकांच्या नोंदी एकत्र करणारा 2014 चा मोठा अहवाल सांगतो की निम्म्याहून अधिक प्रवाळ गेलं आणि त्यामागचं मोठं कारण शेवाळ खाणारे संपणं हे: आधी अर्चिन, मग जाळ्यात आणि पिंजऱ्यात धरलेले पोपटमासे. तापमानवाढीला या अहवालाने दिलेली दुय्यम जागा आज पटत नाही, पण पोपटमाशाबद्दलचं त्याचं म्हणणं ठाम उभं आहे. बोनेअरने 2010 मध्ये पोपटमासा पकडण्यावर बंदी घातली. हा नियम राबवणारे रेंजर कुणाच्या फीवर जगतात, हे वर आलंच आहे.

मग 2014 मध्ये फ्लोरिडात मायामीजवळ एक नवा रोग दिसला. दगडी प्रवाळाचं मांस काही आठवड्यांत सोलवटून टाकणारा. बेटामागून बेट घेत तो 2023 मध्ये बोनेअरला पोचला. डायव्हिंगच्या सामानातून तो पसरू शकतो, अशी शंका असल्याने उद्यानाने काही जागा बंद केल्या आणि सामान निर्जंतुक करायला लावलं. ते योग्यच झालं आणि डायव्हरांनी ते मुकाट पाळायला हवं. पण जहाजांच्या पोटातून एका बंदराचं पाणी दुसऱ्या बंदरात ओतलं जातं, त्यावरही तितकीच दाट शंका आहे, आणि त्या बाबतीत कुणी जहाजावरच्या पाहुण्यांना टोमणे मारताना ऐकलेलं नाही. महासाथीच्या आधीच्या 2019 या वर्षात या चिमुकल्या बेटावर क्रूझ जहाजांतून चार लाखांच्या पुढे माणसं उतरली होती. सकाळी उतरायचं, टोपी विकत घ्यायची, संध्याकाळी परत.

2023 मध्येच समुद्र तापला. प्रवाळ पांढरं पडलं. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या सागर आणि वातावरण संस्थेने इतिहासातली चौथी जागतिक विरंजनाची घटना जाहीर केली. उष्णतेला बोया लावता येत नाही की तिच्याकडून फी घेता येत नाही. बेटावरच्या माणसांना हे नेमकं कळतं. जानेवारी 2024 मध्ये बोनेअरच्या आठ रहिवाशांनी ग्रीनपीसबरोबर हवामानाच्या प्रश्नावर न्यायालयात धाव घेतली. प्रतिवादी होतं नेदरलँड्सचं सरकार. डायव्हर नव्हते.

आणि बकऱ्या. यावर लोक हसतात. बोनेअरवर बकऱ्या मोकाट फिरतात. स्पॅनिश वसाहतीच्या काळापासून फिरत आहेत, कब्रितू स्तोबा हा बकरीच्या मटणाचा रस्सा तिथल्या घरोघरचा. त्या रोपटं जमिनीतून डोकं काढतं न काढतं तोच खातात. मोकाट गाढवं उरलेलं बघतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर वर्षातले मोजके पण धुवांधार पाऊस कोसळले की लाल माती थेट समुद्रात जाते आणि प्रवाळावर साचते. गाळाखाली प्रवाळाला ना उजेड मिळतो ना खाणं. फिनच्या फटक्याने एक फांदी जाते. पावसाच्या एका झोडीत अख्खा उतार मातीखाली जातो. कुंपणं घालणं, बकऱ्या आवरणं, झाडं लावणं हे काम तिथे चालू आहे, पण ते संथ आहे, कारण प्रत्येक बकरीला मालक आहे आणि प्रत्येक मालकाला मत आहे. डायव्हरला मत नाही. त्याच्यावर ओरडणं सोपं पडतं.

इथे चलाख टीकाकार म्हणेल: ठीक, फिन सोडा, पण डायव्हर येतो म्हणून हॉटेल येतं, हॉटेलाचं सांडपाणी येतं, तेही प्रवाळच मारतं. हा आक्षेप वजनदार आहे. बोनेअरची जमीन सच्छिद्र चुनखडीची. शोषखड्ड्यात सोडलेलं पाणी झिरपत समुद्रात जातं आणि शेवाळाला खत मिळतं. गेल्या दशकात किनारपट्टीच्या गजबजलेल्या भागासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्र आलं, तेही बऱ्याच उशिरा. 2014 चा तोच अहवाल पर्यटकांच्या गर्दीलाही दोष देतो, आणि बर्म्युडासारख्या कडक कायद्याच्या बेटाचा अपवाद नोंदवतो. पण गर्दी कुणाची? 2010 च्या ऑक्टोबरात बोनेअर नेदरलँड्सची खास नगरपालिका झालं. तेव्हा तिथे सोळा हजारांच्या आत माणसं होती. आज पंचवीस हजारांवर आहेत. नवी घरं, बंगले, समुद्राकाठचे क्लब, रस्ते हे बऱ्याच अंशी युरोपातून राहायला आलेल्यांचं आणि जमिनीत पैसा गुंतवणाऱ्यांचं काम आहे. बांधकामाची परवानगी डायव्हर देत नाही, बेटाचं सरकार देतं. आणि नाही म्हणता येतं, हेही बोनेअरने दाखवलं आहे. बेटासमोरचं क्लाइन बोनेअर हे निर्मनुष्य बेट खासगी मालकीचं होतं, त्यावर रिसॉर्ट बांधायच्या योजना होत्या. स्थानिक लोकांनी मोहीम उभारली, 1999 मध्ये ते बेट विकत घेतलं गेलं आणि उद्यानात गेलं. त्या मोहिमेत सर्वांत मोठा मुद्दा होता तो डायव्हिंगचाच: तिथलं प्रवाळ बघायला लोक येतात.

पैसा परदेशी खिशात जातो, हा आरोप मी हलका करणार नाही. अनेक रिसॉर्ट अमेरिकन वा डच मालकांची आहेत, किराणा महाग आहे, तिथल्याच माणसाला जागा परवडेनाशी झाली आहे. 2015 च्या सार्वमतात सुमारे 65 टक्के मतदारांनी नेदरलँड्सशी असलेल्या सध्याच्या नात्याविरुद्ध मत दिलं. दक्षिणेकडे मिठागरांजवळ 1850 च्या सुमाराची दगडी खोपटी उभी आहेत; गुलाम मजूर रात्री त्यात सरपटत शिरून झोपायचे. गुलामगिरी तिथे 1863 मध्ये संपली. त्याच खोपट्यांच्या शेजारी आज डायव्हरांचे पिकअप उभे राहतात, आणि त्या जागांच्या नावांत ‘स्लेव्ह’ हा शब्द अजून आहे. ज्याला हे बघून अस्वस्थ व्हायला होत नाही त्याने खुशाल घरी बसावं. पण जमीन कुणाची, कर कुठे जातो, हेगमधल्या डच सरकारात कोण निर्णय घेतं, हे प्रश्न डायव्हिंग बंद करून सुटणारे नाहीत. मिठाच्या पलीकडे या बेटाकडे जगाला विकण्यासारखं फार काही नाही. डायव्हर गेला तर त्याची खोली रिकामी राहणार नाही. तिथे प्रवाळाशी काही देणंघेणं नसलेला पाहुणा येईल.

देणंघेणं असणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण पुरे. प्रशांत आणि हिंदी महासागरातला लायनफिश अटलांटिकमध्ये घुसला, आणि ऑक्टोबर 2009 मध्ये बोनेअरला पहिल्यांदा दिसला. कॅरिबियनमध्ये त्याला खाणारं जवळपास कुणी नाही आणि तो लहान मासे फस्त करतो. 1971 पासून भाल्याला बंदी असलेल्या बेटाने तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवक डायव्हरांच्या हाती खास छोटे भाले दिले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं की शिकार चाललेल्या जागी लायनफिशचं एकूण वजन शिकार नसलेल्या जागांच्या सुमारे पावणेतीन पट कमी होतं. हे काम फुकटात, स्वतःच्या हवेवर, स्वतःच्या सुट्टीत करणारे ते हौशी लोकच होते. सरकारी जहाजाला ते जमलं नसतं.

आता विमान. मुंबईहून अॅमस्टरडॅममार्गे बोनेअरला जाऊन यायचं तर सुमारे तीस हजार किलोमीटर होतात. भारतातला सरासरी माणूस वर्षभरात दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडचा धनी होतो. या एका प्रवासात एका आसनाच्या वाट्याला त्याहून जास्त येतो. आणि तोच कार्बन समुद्र तापवतो. या आरोपाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ‘झाडं लावू’ छापाचं उत्तर मी देणार नाही. फक्त एवढं म्हणेन की हाच हिशेब स्वित्झर्लंडला बर्फ बघायला जाणाऱ्यालाही लागतो, आणि तिथे कुणी विचारत नाही की हिमनदी किती वितळवून आलात. पुण्या-मुंबईच्या डायव्हरने बोनेअरऐवजी अंदमान किंवा लक्षद्वीप निवडावं, हे मला पटतं. त्यावरून बोनेअरने डायव्हिंग सोडावं, हे निघत नाही.

आणि घराजवळचं म्हणाल, तर मालवण आहेच. मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. तारकर्ली-मालवणला मोसमात बुडी मारायला झुंबड उडते; त्यातले बहुतेक पोहता न येणारे, प्रशिक्षकाने धरून खाली नेलेले. तिथल्या खडकांवरच्या प्रवाळाची काळजी वाटणाऱ्यांनी बंदीची मागणी करण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: नांगराऐवजी कायमचे बोया, एका खडकावर दिवसाला किती माणसं उतरतील याची मर्यादा, आणि प्रत्येक बुडीच्या दरातून खडकाच्या देखरेखीसाठी वेगळा काढलेला, हिशेब जाहीर होणारा पैसा. भाला बंद करण्यापासून फी सुरू करण्यापर्यंत बोनेअरला एकवीस वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागण्याचं कारण नाही.